कोणती सुई कोणत्या दंडात?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातला मजकूर थोडक्यात देते.

वय ५१, ग्रीन कार्ड आहे, घरून पोळी-भाजीचे डबे देतात. २०२३ च्या ऑक्टोबरात, नवरात्रातल्या शनिवारी, घराजवळच्या फार्मसीत त्यांनी एकाच बैठकीत दोन इंजेक्शनं घेतली. एक फ्लूचं, एक कोविडचं, एकेका दंडात एकेक. डावा दंड त्याच रात्री ठणकायला लागला. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या भोंडल्यात हात खांद्याच्या वर जाईना. आज बरं होईल, उद्या बरं होईल म्हणत शेकण्यात आणि तेल चोळण्यात चार महिने गेले. फेब्रुवारीत डॉक्टरांना दाखवलं, एमआरआय झाला. खांद्यातल्या बर्साला सूज, पुढे फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, असं निदान निघालं. कॉर्टिसोनचं एक इंजेक्शन, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फिजिओथेरपी, मग जूनमध्ये पुण्याला माहेरी गेल्यावर तिथे तीन आठवडे फिजिओ. आता खांदा बराच सुटला आहे. पण ब्लाउजच्या मागच्या हुकांपर्यंत हात जात नाही, वरच्या फळीवरचा डबा उतरवता येत नाही, डाव्या कुशीवर झोप लागत नाही.

टेक्सासची नणंद म्हणते, लाखो डॉलर मिळतात, वेडी आहेस का, केस कर. यजमान औषध कंपनीत नोकरीला आहेत, ते म्हणतात, सोडून दे. ताई विचारतात: "त्या फार्मसीतल्या मुलीने मुद्दाम थोडंच केलं? तिची नोकरी गेली तर? लोक म्हणतील ही लसीच्या विरोधात गेली. मला शुगर आहे, तर दोष माझाच असेल का? आणि खांदा दुखतो म्हणून सरकारकडे पैसे मागायचे, हे बरोबर दिसतं का?"

*

ताई,

तुमच्या चार पानी पत्रात 'दोष' हा शब्द अकरा वेळा आला आहे. मोजला मी. तारखेचा उल्लेख एकदाच आहे, तोही कंसात, आणि कोणतं इंजेक्शन कोणत्या दंडात दिलं हे तर कुठेच नाही. ज्या कायद्याखाली तुम्हाला भरपाई मागता येईल, त्याचं नेमकं उलटं आहे. दोष कुणाचा हे तो विचारतच नाही. केव्हा, कोणती लस, कोणत्या दंडात आणि किती दिवस, एवढंच विचारतो.

हा कायदा कसा झाला ते आधी सांगते, कारण तुमच्या निम्म्या शंका तिथेच सुटतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत लस कंपन्यांवर, विशेषतः लहान मुलांच्या डांग्या खोकल्याच्या लसीवरून, इतके खटले झाले की काही कंपन्यांनी लसी बनवणंच सोडलं. लसींचा तुटवडा पडेल अशी वेळ आली. तेव्हा १९८६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला, आणि १९८८ च्या ऑक्टोबरपासून राष्ट्रीय लस इजा भरपाई योजना सुरू झाली. सौदा साधा होता. लस सगळ्यांच्या भल्यासाठी घ्यायची. लाखांतल्या एखाद्याला त्यातून इजा झाली, तर त्याने कंपनीशी वर्षानुवर्षं झगडत बसू नये, सगळ्यांनी मिळून साठवलेल्या पैशातून त्याला भरपाई द्यावी. हे पैसे येतात कुठून? योजनेच्या यादीतल्या लसीच्या प्रत्येक डोसवर, तो डोस जितक्या रोगांपासून वाचवतो त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट कर आहे. म्हणजे तुमच्या फ्लूच्या इंजेक्शनातले ७५ सेंट त्या फंडात गेलेच आहेत. आपल्याकडे भिशी असते ना, तसंच काहीसं. ज्याची गरज निघाली त्याने उचलायची. भिशी उचलताना आपण चोरी करतोय असं कुणाला वाटत नाही.

आता ती फार्मसीतली मुलगी. या दाव्यात समोरचा पक्ष असतो अमेरिकेच्या आरोग्य आणि मानवी सेवा खात्याचा सचिव. त्याच्या वतीने न्याय खात्याचे वकील उभे राहतात. दावा दाखल होतो वॉशिंग्टनच्या फेडरल क्लेम्स कोर्टात, आणि निकाल देतात 'स्पेशल मास्टर' म्हणून नेमलेले अधिकारी. ज्यूरी नाही, आरोपीचा पिंजरा नाही. त्या मुलीचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करायचा नाही. ती या दाव्यात पक्षकारच नसते, फार्मसीही नसते आणि लस बनवणारी कंपनीही नसते. खरं म्हणजे यादीतल्या लसीबद्दल या योजनेत आधी दावा न करता थेट कंपनीवर किंवा टोचणाऱ्यावर भरपाईचा खटला घालायला कायदाच आड येतो. तेव्हा यजमानांच्या नोकरीची चिंता या कारणासाठी तरी सोडा. त्यांना आणखी काही वाटत असेल तर ते त्यांनी उघड बोलावं. मला वाटतं, त्यांना कोर्ट या शब्दाचीच धास्ती आहे. ती आपल्या घरांतून असतेच; कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये हे आपण दुधाबरोबर प्यायलेले असतो.

तुमच्या खांद्याला काय झालं असावं हेही तुम्ही डॉक्टरांना कधी नीट विचारलेलं दिसत नाही. इंजेक्शनची सुई दंडाच्या जाड स्नायूत जायला हवी. खांद्याचं टोकाचं हाड हाताला लागतं, त्याच्या दोन-तीन बोटं खाली. ती फार वर टोचली गेली तर स्नायूऐवजी खांद्याच्या सांध्याजवळच्या पाण्याच्या पिशवीत, म्हणजे बर्सात, औषध जाऊ शकतं. तिथे सूज येते, दुखतं, हात हलवला नाही की सांधा आखडतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा १३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या इजेला 'सिर्वा' हे नाव रूढ झालं. म्हणजे लस देताना झालेली खांद्याची इजा. लसीत काही वाईट होतं असा त्याचा अर्थ होत नाही. सुई कुठे गेली याचा तो प्रश्न आहे. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की कुडत्याची बाही तंग होती, वर सरकेना, म्हणून गळा बाजूला ओढून खांदा उघडा केला. त्यात तुम्ही बसलेल्या आणि ती उभी. सुई वर जायला याहून सोयीची परिस्थिती नसते. बाकीच्या वाचकांनीही हे लक्षात ठेवावं: इंजेक्शनला जाताना बिनबाह्यांचं किंवा सैल बाहीचं घालावं, आणि टोचणाऱ्याला बसून टोच म्हणायला लाजू नये.

२०१७ च्या मार्चपासून ही खांद्याची इजा भरपाईच्या अधिकृत तक्त्यात आहे. २०२१ च्या सुरुवातीला ती काढून टाकण्याचा नियम निघाला होता, पण लागू होण्याआधीच तो मागे घेतला गेला. तक्त्यात असण्याचा फायदा असा की अटी पुऱ्या झाल्या तर लसीमुळेच इजा झाली असं धरून चाललं जातं, वेगळा पुरावा द्यावा लागत नाही. अटी चार. त्या खांद्याला आधी असं दुखणं नसावं ज्याने आजच्या दुखण्याचा उलगडा होईल. दुखणं लस घेतल्यापासून ४८ तासांत सुरू व्हावं. दुखणं आणि आखडलेपण ज्या खांद्यात लस घेतली त्याच खांद्यापुरतं असावं. आणि त्याचा उलगडा करणारं दुसरं कारण, मानेतली दबलेली नस वगैरे, नसावं. शिवाय त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकलेला असावा.

आता तुमच्या केसची खरी गाठ. तुम्ही दोन इंजेक्शनं घेतलीत. फ्लूची लस या योजनेत आहे. कोविडची नाही. कोविडच्या लसीसाठी वेगळी योजना आहे, आणि तिथे लस घेतल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ती मुदत तुमची केव्हाच गेली. त्या योजनेत वेदनांची भरपाई नाही, वकिलाची फीही मिळत नाही. म्हणजे डाव्या दंडात फ्लूची सुई असेल तर तुमचा दावा उभा राहतो, कोविडची असेल तर दार बंद आहे. एवढा सगळा विचार तुम्ही केलात, नणंदेशी भांडलात, रात्री जागून काढल्यात, आणि हा कागद अजून मागवलेला नाही! फार्मसीकडे लस दिल्याची नोंद असते: तारीख, लसीचं नाव, लॉट नंबर आणि दंड डावा की उजवा. ती मागणं हा तुमचा हक्क आहे, कारण सांगावं लागत नाही.

एक सावधगिरी. ही नोंद चुकीची असू शकते, आणि असते. मी बावीस वर्षं एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काढली. संगणकावर 'डावा' हा पर्याय आधीच भरलेला असतो आणि गर्दीच्या दिवशी तो कुणी बदलत नाही, हे मी रोज पाहिलं आहे. या कोर्टातल्या स्पेशल मास्टरांनाही ते ठाऊक आहे. नोंद तुमच्या आठवणीच्या विरुद्ध निघाली तर दावा लगेच संपत नाही, पण मग तुमची आठवण कशावर टेकली आहे ते दाखवावं लागेल. म्हणून नोंद हातात पडण्याआधी, आजच, वहीत लिहून काढा: कोणती सुई आधी, कोणत्या बाजूला, कशावरून आठवतं. नोंद वाचल्यावर आठवण तिच्या मागे वळते. त्यात लबाडी नसते, माणसाचं डोकंच तसं आहे.

आणि आठवण सांगत असेल की डाव्यात कोविडची होती, तर ताई, तिथेच थांबा. नणंद काहीही म्हणो.

दुसरी गाठ तुम्ही स्वतः मारून ठेवली आहे. फेब्रुवारीत डॉक्टरांनी विचारलं, केव्हापासून दुखतंय? तुम्ही म्हणालात, झाले असतील एक-दोन महिने. का? तर चार महिने अंगावर काढलं हे सांगायची लाज वाटली, आणि इंजेक्शनचं नाव काढलं तर डॉक्टर हसतील असं वाटलं. आता त्यांच्या फाइलीत लिहिलेलं असेल की दुखणं डिसेंबरच्या सुमारास सुरू झालं. ४८ तासांची अट आणि ही नोंद समोरासमोर उभ्या आहेत. न्याय खात्याचा वकील सगळ्यात आधी याच ओळीवर बोट ठेवेल.

यावर उपाय आहे, पण त्या डॉक्टरांकडे जाऊन 'तेवढं बदलून द्या' म्हणणं हा नव्हे. ते कधीही करू नका. जे घडलं तेच प्रतिज्ञापत्रात सांगायचं: मी तेव्हा चुकीचं सांगितलं, या कारणाने सांगितलं. अनेक बायका असंच सांगतात. आपल्याला दुखणं कमी करून सांगायची सवय आहे, आणि डॉक्टरांपुढे तर आपण पाहुण्यांपुढे बसल्यासारख्या बसतो. त्या काळात लिहिलेल्या कागदाला कोर्ट वजन देतं हे खरं, पण त्याला छेद देणारा त्याच काळातला दुसरा पुरावा असेल तर तोही बघतं. आणि असा पुरावा तुमच्याकडे आहे, तुम्हाला तो पुरावा वाटला नाही इतकंच. भोंडला! शनिवारी सुई, रविवारी भोंडला. हत्तीभोवती फेर धरताना हात वर जाईना म्हणून तुम्ही फेरातून बाहेर येऊन खुर्चीवर बसलात, खिरापत वाटायलाही उठला नाहीत, असं तुम्हीच लिहिलं आहे. तिथे बघणाऱ्या पंधरा-वीस बायका होत्या. त्यातल्या दोघीतिघींनी आपल्याला आठवतं तेवढंच लिहून दिलं तर चालतं. बहिणीला पुण्याला त्या आठवड्यात पाठवलेले व्हॉट्सॲपवरचे निरोप शोधा. 'हात मेला उचलवत नाही' असं एक वाक्य तारखेसह सापडलं तर ते माझ्या या सगळ्या सल्ल्याहून मोलाचं आहे. मराठीत असलं तरी हरकत नाही, प्रमाणित भाषांतर जोडता येतं.

सहा महिन्यांची अट तुम्हाला सोपी वाटते, कारण त्रास तर आजही आहे. पण कागदावर बघा. सुई ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, इथली फिजिओ संपली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. सहा महिने भरायला दोन आठवडे कमी. त्यानंतर इथल्या कुठल्या डॉक्टरकडे तुम्ही खांद्यासाठी गेला नाहीत. उलट नोव्हेंबरच्या वार्षिक तपासणीच्या कागदावर 'सांधे: नॉर्मल' असं छापलेलं आहे, असं तुम्ही घाबरत लिहिलंत. ते छापील वाक्य असतं, ताई. डॉक्टरने खांद्याला हात न लावताही ते उमटतं. पण ते उमटलं आहे, तेव्हा त्याला उत्तर हवं. उत्तर पुण्यात आहे. जूनमधले ते तीन आठवडे, ज्यांना तुम्ही 'घरगुतीच, पाचशे रुपयांप्रमाणे' म्हणून उडवून लावलंत, तेच दाखवतात की आठव्या महिन्यातही खांदा दुखत होता. तिथल्या फिजिओताईंकडून पावत्या, उपस्थितीची नोंद आणि हात किती अंशांपर्यंत उचलला जात होता त्याची टिपणं मागवा. नव्याने लिहिलेलं सर्टिफिकेट नको. तेव्हाच्या वहीची, रजिस्टरची प्रत हवी. आणि खांदा अजून दुखतो तर आता डॉक्टरांकडे जा. दाव्यासाठी म्हणून जाऊ नका, हुकांसाठी जा. दोन वर्षांनंतरही नीट व्यायामाने, कधी आणखी एखाद्या इंजेक्शनने फरक पडतो.

शुगरबद्दल. लपवू नका. मधुमेह असणाऱ्यांना फ्रोझन शोल्डर जास्त होतो, पन्नाशीच्या आसपास बायकांना तर होतोच, हे सरकारी बाजूच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे आणि ते म्हणतीलच. शिवाय लस घेण्याआधीच्या तीन वर्षांचे सगळे वैद्यकीय कागद द्यावे लागतात, तेव्हा लपवणार तरी कसं? पण शुगरने आखडणारा खांदा हळूहळू आखडतो. काल चपात्या लाटणारा हात सुईनंतर एका रात्रीत वर जाईनासा झाला, तर ती गोष्ट वेगळी दिसते. पुन्हा तेच, तारीख. 'दोष माझाच का' या प्रश्नाला मात्र मी उत्तर देणार नाही. शुगर असणं हा दोष असता तर निम्मं महाराष्ट्र मंडळ आरोपी झालं असतं.

पैशांचं बोलू. लाखो डॉलर हे नणंदेचं गणित कुठून आलं ते कळतं: वेदना आणि त्रास यांसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर अशी कायद्यात मर्यादा आहे. ती छताची उंची झाली, तुमची नव्हे. ज्यांचं ऑपरेशन झालं, ज्यांना वर्षानुवर्षं उपचार घ्यावे लागले त्यांना जास्त मिळतं. एक कॉर्टिसोन, थोडी फिजिओ, उपचारांत मोठा खंड आणि आज बराच सुधार, अशा खांद्याची रक्कम त्या छताच्या बरीच खाली राहते. शिवाय इन्शुरन्सने न दिलेला खर्च मिळतो: कोपे (दर भेटीला आपल्या खिशातून भरायची रक्कम), फिजिओची बिलं, पुण्याच्या पावत्याही वकिलाला दाखवा. बुडालेली कमाईही मागता येते, आणि इथे तुमच्यासाठी एक खड्डा आहे. पाच महिने डबे बंद होते म्हणता, पण डब्यांची कमाई टॅक्स रिटर्नमध्ये दाखवलेली नाही. मग ती बुडाल्याचं मागू नका. आता बसून वही तयार तर अजिबात करू नका. सगळं शपथेवर असतं. न दाखवलेल्या कमाईचं पुढे काय करायचं हे तुमच्या टॅक्सवाल्याला विचारा, आणि नागरिकत्वाचा अर्ज भरायच्या आधी विचारा.

नागरिकत्वाचा विषय निघालाच आहे तर. ही योजना नागरिकत्व मागत नाही. लस अमेरिकेत घेतली असेल तर ग्रीन कार्डवाल्यांना, व्हिसावरच्यांना, इथे मुलांकडे आलेल्या आईवडिलांनाही दावा करता येतो. 'सरकारवर केस केली म्हणून अर्ज अडवतील' ही भीती मला निराधार वाटते. ही सरकारनेच उघडलेली खिडकी आहे. तरी मनाला चैन पडत नसेल तर इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्या.

वकील मात्र या दाव्यासाठी वेगळा हवा, आणि या कोर्टात काम करणाराच हवा. घराचे कागद करून देणारे ओळखीचे काका इथे उपयोगाचे नाहीत. तो न्यू जर्सीतलाच असला पाहिजे असं नाही, बहुतेक सगळं काम फोनवर आणि कागदांवर होतं. अशा वकिलांची यादी कोर्टाच्या संकेतस्थळावर असते. त्यांची फी तुमच्या भरपाईतून कापली जात नाही, तसं करायला कायद्याने मनाई आहे. फी वेगळी, त्याच फंडातून दिली जाते. दावा प्रामाणिक हेतूने आणि वाजवी आधारावर केलेला असेल तर हरलात तरी दिली जाते. तेव्हा कुणी तेहतीस टक्के मागितले तर उठून या. याची दुसरी बाजू अशी की चांगला वकील तुमचे कागद बघूनच केस घेईल, आणि एकाने नाही म्हटलं तर का नाही ते नीट विचारून घ्या. ते उत्तर फुकटचं आणि कामाचं असतं.

वेळ लागेल. दोन-तीन वर्षं सहज. भरपाई मिळालेल्या दाव्यांपैकी निम्म्याहून जास्त दावे तडजोडीने मिटलेले असतात, आणि तडजोडीत सरकार 'लसीमुळे झालं' असं कबूल करत नाही. 'चूक मान्य करा' एवढंच ऐकायचं असेल तर ते इथे मिळणार नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. निकाल सार्वजनिक होतो, तुमच्या नावासह आणि खांद्याच्या वर्णनासह. नावाऐवजी आद्याक्षरं ठेवावीत, खाजगी वैद्यकीय तपशील गाळावेत अशी विनंती निकालानंतर १४ दिवसांत करता येते. ती मान्य होईलच असं नाही. वकिलाला हे पहिल्या भेटीत सांगून ठेवा.

लोक काय म्हणतील? म्हणतील. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात एखादा तुमचा दाखला देऊन 'बघा, लसी घेऊ नका' असं लिहील, आणि तुम्हाला ते आवडणार नाही. त्याला तुम्हीच सांगू शकता की तुम्ही यंदाही फ्लूचं इंजेक्शन घेतलंत, उजव्या दंडात. घेतलंत ना? पत्रात लिहिलं नाहीत. खांद्याला सुई चुकून लागली म्हणून लस सोडायचं कारण नाही. डॉक्टरांना आधी सांगा, दुसरा दंड द्या, जागा बोटांनी मोजून घ्या म्हणा.

दावा नाही केला तरी चालेल, हेही लिहून ठेवते. तीन वर्षं त्या कागदांत राहणं, दर काही महिन्यांनी कुणाला तरी आपलं दुखणं पुन्हा पहिल्यापासून सांगणं, याचाही शीण असतो. खांदा सुधारतोय, घर चाललंय, आणि हिशेब करून नको वाटलं, तर तो निर्णय भित्रेपणाचा होत नाही. पण तो हिशेब करून घ्या, लाजून नको. आणि दावा केला नाहीत तरी दोन गोष्टी करता येतात. लसीनंतरच्या त्रासांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी 'वेअर्स' या यंत्रणेत रुग्णाला स्वतः माहिती देता येते. त्यातून पैसे मिळत नाहीत, पण नोंद होते. आणि त्या फार्मसीत जाऊन शांतपणे सांगता येतं की त्या दिवशी सुई वर लागली असावी. त्या मुलीची नोकरी तुमच्या सांगण्याने जाईल असं मला वाटत नाही, पण पुढच्या बाईला ती बसून टोचेल.

असंच दुखणं घेऊन बसलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. धनुर्वाताची, कावीळ बी ची, एचपीव्हीची लस या योजनेत आहे. पन्नाशीनंतर देतात ती नागिणीची नाही. लस भारतात घेतली असेल तर, एखाददुसरा अपवाद सोडून, ही योजना लागू होत नाही. भारतात लसीनंतरच्या त्रासाची नोंद करण्याची सरकारी व्यवस्था आहे, पण दोष सिद्ध न करता भरपाई देणारी अशी योजना नाही. तिथे खाजगी दवाखान्यावर निष्काळजीपणा सिद्ध करून ग्राहक आयोगात जावं लागतं, साधारण दोन वर्षांच्या आत, आणि सरकारी दवाखान्यात सगळ्यांना फुकट मिळणारी लस ग्राहक कायद्यात येत नाही.

आता तुमची मुदत. पहिलं लक्षण दिसल्यापासून तीन वर्षं. निदान झालं ती तारीख धरत नाहीत, डॉक्टरांकडे गेलात तीही नाही. त्या शनिवारची रात्र धरतात. म्हणजे २०२६ च्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आसपास, दार बंद होणार आणि सूट जवळजवळ कधीच मिळत नाही. सहा-सात महिने ऐकायला पुष्कळ वाटतात. हॉस्पिटलचे कागद यायला दोन महिने लागतात, मी ते पाठवणाऱ्यांतलीच एक होते, आणि मुदत तोंडावर आलेली केस घ्यायला वकील कचरतात. या आठवड्यात फार्मसीची नोंद मागवा. ती सोमवारी मागितलीत तर पुढची सगळी गाडी तिच्यावरून ठरेल.

आणि त्याआधी एक फोन. भोंडल्याचा व्हिडिओ तुमच्या एका मैत्रिणीने काढला होता म्हणता. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत नको, तिच्या फोनातला मूळ व्हिडिओ हवा, त्यात तारीख आणि वेळ असते. अडीच वर्षांत तिने फोन बदलला असेल तर जुना कुठे आहे ते विचारा, बहुतेक मुलांच्या खेळण्यांच्या खोक्यात असेल.